शरभ

शरभ : भारतीय पुराणकथा, मूर्तिकला आणि दुर्गशिल्प यांत आढळणारा एक काल्पनिक संकरपशू. सिंहाचे शरीर व पक्ष्याचे पंख ही त्याची आज सर्वपरिचित ओळख असली, तरी त्याच्या दीर्घ इतिहासातील ती केवळ एका टप्प्याची ओळख आहे. वैदिक वाङ्‌मयात तो बोकडाशी नाते सांगणारा रानपशू, महाभारतात आठ पायांचा सिंहघातक, शैव पुराणांत व आगमांत नरसिंहाला आवरणारा शिवावतार, तर मराठी दुर्गविषयक लेखनात हत्तींना पायांखाली दाबणारा सिंहसदृश प्राणी म्हणून येतो. या चौघांत नावाखेरीज समान असे फार थोडे आहे. शेवटच्या प्राण्याच्या बाबतीत तर नावही संशयास्पद ठरते. कारण ते त्या शिल्पांवर कोरलेले नाही, ग्रंथांतून उचलून अभ्यासकांनी त्यांना लावलेले आहे. महाराष्ट्रातील द्वारशिल्पांच्या अभ्यासात या एका शब्दाने जेवढी सोय केली, तेवढाच घोटाळाही केला आहे.

शब्द व प्राणी : ‘शरभ’ हा शब्द मुळात कल्पित प्राण्याचा वाचक नसावा. ऐतरेय ब्राह्मणातील एका कथेनुसार यज्ञीय पशूचा सारांश किंवा मेध एका पशूतून दुसऱ्यात निघून जातो आणि ज्यातून तो गेला, तो पशू अमेध्य होऊन रानात जातो. मेध गमावलेल्या घोड्याचा गौरमृग, बैलाचा गवय आणि बोकडाचा शरभ झाला, असे तेथे सांगितले आहे. गाय व गवय यांच्यातील साम्य डोळ्यांपुढे ठेवल्यास शरभ हा रानबोकडासारखा एखादा प्राणी असावा, असे अनुमान निघते. मात्र त्याच कथेत मेंढ्याचा उंट होतो. तेव्हा साम्याचा हा नियम सर्वत्र सारखाच लागू पडतो, असे मानता येत नाही. अमरकोशात शरभाची गणना गवय, ससा इ. पशूंच्या पंक्तीत केलेली आहे आणि चरकसंहितेत तो जांगल पशूंमध्ये, म्हणजे कोरड्या प्रदेशातील मृगांमध्ये येतो. ज्याच्या मांसाचे गुणदोष वैद्य सांगतो, तो प्राणी निदान त्याच्या समजुतीप्रमाणे तरी शिकार करून आणता येण्याजोगा असला पाहिजे. पुढे आयुर्वेदीय टीकावाङ्‌मयात त्याचे वर्णन उंटाएवढा, मोठ्या शिंगांचा, पाठीवर आणखी चार पाय असलेला व काश्मीरात प्रसिद्ध असलेला प्राणी, असे आले आहे. यातील शिंगे व काश्मीर ही दोन चिन्हे मारखोर या डोंगरी रानबोकडाशी जुळतात. पाठीवरचे पाय अर्थातच कशाशीही जुळत नाहीत. खरा प्राणी आणि ऐकीव प्राणी एकाच वाक्यात कसे नांदू लागतात, याचे हे वर्णन बोलके उदाहरण आहे.

पाली जातकांत तसेच आर्यशूराच्या जातकमालेत बोधिसत्त्व शरभाच्या जन्मात असताना त्याने खड्ड्यात पडलेल्या राजाला वर काढले, अशी कथा आहे. राजा त्याची शिकार करावयास आलेला असतो. येथील शरभ बलवान खरा. पण तो मृगच आहे व त्याचा स्थायी गुण करुणा हा आहे. मेघदूतातील शरभ मेघावर झेप घेण्याच्या आवेशात स्वतःचीच गात्रे मोडून घेतात आणि गारांचा वर्षाव करून त्यांना उधळून लाव, असे यक्ष मेघाला सुचवितो. कालिदासाने त्यांना हिमालयाच्या परिसरात ठेवले आहे, हे लक्षणीय होय. पंख असलेल्या प्राण्याची ही फजिती खचितच झाली नसती.

सिंहाहून वरचढ पशू : शरभाला खरे महत्त्व प्राप्त होते ते महाभारताच्या शांतिपर्वातील एका कथेने. एका ऋषीच्या आश्रमातील कुत्रा बिबळ्याच्या भीतीने ऋषीला शरण जातो आणि ऋषी त्यालाच बिबळ्या बनवितो. पुढे वाघाचे भय वाटते म्हणून वाघ, मग हत्ती, मग सिंह असे त्याचे रूपांतर होत जाते. अखेर आठ पायांचा, सिंहांना मारून खाणारा शरभ येतो, तेव्हा ऋषी त्या सिंहाचाही शरभ करतो. हा शरभ शेवटी ऋषीवरच उलटतो व पुन्हा कुत्रा होतो. हितोपदेशातील उंदराच्या कथेमुळे हा साचा मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु तेथे चढण वाघापाशी थांबते. महाभारतकाराला सिंहाच्याही वर एक पायरी हवी होती आणि निसर्गात ती नव्हती. शरभ हा त्या रिकाम्या पायरीवर बसविलेला प्राणी होय. त्याचे आठ पाय, त्याचे वर रोखलेले डोळे, त्याचे मांसाहारी होणे हे सारे त्या गरजेतून आलेले आहे. जिराईत रानातला तृणभक्षक मृग मांसभक्षक झाला, तो निरीक्षणामुळे नव्हे, तर कथेच्या तर्कामुळे.

शरभाची पुढील सर्व वाटचाल समजून घेण्याची किल्ली या तर्कात आहे. शरभ म्हणजे सिंहाला मारणारा. सिंह हा त्याचा बळी असल्याखेरीज शरभाला शरभ म्हणून उभे राहण्याचे प्रयोजनच उरत नाही.

शैव संप्रदायाने नेमका याचाच उपयोग करून घेतला. हिरण्यकशिपूच्या वधानंतर नरसिंहाचा क्रोध शमेना व जगाचा नाश ओढवण्याची वेळ आली, तेव्हा शिवाने प्रथम वीरभद्राला पाठविले आणि त्याचेही चालेना तेव्हा शरभरूपाने नरसिंहाला ताब्यात घेतले, अशी कथा लिंगपुराणात व शिवपुराणाच्या शतरुद्रसंहितेत येते. विष्णूने सिंहाचे रूप घेतले असेल, तर त्याच्या वरचढ रूप कोणते, या प्रश्नाचे उत्तर महाभारताने आधीच तयार ठेवले होते. मात्र केवळ आठ पायांच्या मृगाने देवत्व सिद्ध होण्यासारखे नसल्याने त्याला पंख, चोच, आयुधे आणि माणसाचे धड यांची जोड देण्यात आली. कामिकागमातील वर्णनात सोनेरी पक्षिदेह, उभारलेले दोन पंख, जमिनीवर टेकलेले सिंहाचे चार पाय, नखे वर केलेले आणखी चार पाय, कमरेच्या वर मनुष्याकृती व सिंहाचे मुख असा थाट आहे. हात जोडलेला नरसिंह त्याच्या पकडीत असतो. वैष्णवांना ही कथा मान्य होणे शक्य नव्हते. त्यांच्या बाजूने तिचे खंडन झाले आणि शरभाला जिंकणाऱ्या गंडभेरुंड नरसिंहाची प्रतिकथाही निर्माण झाली. विष्णुसहस्रनामात ‘शरभ’ हे विष्णूचेच एक नाव आहे, ही या वादातील एक गमतीची बाब होय. शांकरभाष्यात त्याचा अर्थ शरीरात अंतरात्मरूपाने प्रकाशणारा, असा लावलेला असून तेथे पशूचा मागमूसही राहिलेला नाही.

शरभेश्वराच्या महत्त्वाच्या मूर्ती तमिळनाडूत, चोल काळाच्या उत्तरार्धातील आहेत. दुसऱ्या राजराजाच्या (कार. ११४६–७३) दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिरातील शिल्प आणि तिसऱ्या कुलोत्तुंगाच्या (कार. ११७८–१२१८) त्रिभुवनम येथील कंपहरेश्वर मंदिरातील स्वतंत्र शरभस्थान ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होत. टी. ए. गोपीनाथ राव यांनी हिंदू मूर्तिविज्ञानावरील आपल्या ग्रंथात (१९१४–१६) आगमांतील वर्णने व त्रिभुवनमची मूर्ती एकत्र मांडली आणि पुढील अभ्यासकांच्या मनातील शरभ त्यावरूनच घडला. कलादृष्ट्या पाहता या मूर्तींत ग्रंथाची आज्ञा शिल्पावर भारी झालेली दिसते. पंख कोठे संपतो व हात कोठे सुरू होतो, पकडीतील नरसिंहाचे वजन कोणत्या पायावर येते, यांचे समाधानकारक उत्तर मूर्तिकाराला सहसा सापडत नाही. चार अवयवांचा सांगाडा ही पृष्ठवंशी भूचर प्राण्यांची मूळ बांधणी आहे आणि पक्ष्याचा पंख हा पुढच्या पायाचाच पालट आहे. सिंहाच्या चार पायांत दोन पंखांची भर घातली, की खांद्याचा सांधा अवघड होतो. त्यावर आणखी चार पाय आले, तर तो अशक्यच होतो. त्रिभुवनमच्या मूर्तीसमोर भाविकाला जे भय वाटते, ते कथेच्या आठवणीने. दगडाच्या किंवा धातूच्या बळावर नव्हे.

महाराष्ट्रातील दुर्गशिल्पे : महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर कमानीच्या दोन्ही खांद्यांवर किंवा स्वतंत्र शिळेवर कोरलेला एक उग्र पशू आढळतो. आयाळ, वटारलेले डोळे, पाठीवर वळविलेली शेपटी, उघडा जबडा आणि पंजांखाली किंवा पंजांत धरलेला एखादा वा अनेक हत्ती, अशी त्याची सामान्य घडण असते. जुन्नरजवळील शिवनेरी व मुरूडनजीकचा जंजिरा येथील शिल्पे विशेष परिचित आहेत. काही ठिकाणी खांद्यापाशी पंखासारखी रचना दिसते, बऱ्याच ठिकाणी ती नसते. या पशूला मराठीत सरसकट शरभ म्हणण्याची प्रथा पडली आहे.

ही प्रथा तीन कसोट्यांवर टिकत नाही. पहिली कसोटी पायांची. महाभारतातील वा आगमांतील शरभाचे आठ पाय हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण आहे. दुर्गशिल्पांतील पशू मात्र चतुष्पाद असतो. दुसरी कसोटी पंखांची. त्यांबाबत शिल्पांतच एकवाक्यता नाही. तिसरी आणि निर्णायक कसोटी बळीची. शरभाने सिंहाला मारावयाचे असते, येथे तर मारला जातो तो हत्ती. हत्तीला मारण्यासाठी शरभाची गरज नाही. संस्कृत काव्यसंकेतानुसार ते काम सिंहाचे आहे. हत्तीचे गंडस्थळ फोडून त्यातील मोती विखुरणारा सिंह हा कवींचा नित्याचा विषय होता. प्रत्यक्षात प्रौढ हत्ती हे सिंहाचे नेहमीचे भक्ष्य नव्हे. पण येथे प्रश्न प्राणिशास्त्राचा नसून संकेताचा आहे.

आश्रयदात्यांचा विचार केला, तर अडचण आणखी वाढते. जंजिरा हा सिद्दींचा किल्ला. आफ्रिकी वंशाच्या या मुस्लिम सत्ताधीशांनी आपल्या मुख्य दरवाजापाशी नरसिंहविजयी शिवाचे प्रतीक बसविले असेल, हे संभवत नाही. तेथील पशूचा ब्रिटिशकालीन वर्णनांत वाघासारखा प्राणी म्हणून उल्लेख आहे. ते वर्णन परक्याचे असले, तरी त्यात एक गुण आहे : जे दिसले तेवढेच त्यात सांगितले आहे.

या पशूची वंशावळ शोधावयाची, तर ती दख्खनमध्येच दोन वाटांनी सापडते. एक वाट मंदिरांची. वेरूळच्या कैलास लेण्याच्या (आठवे शतक) जोत्यावर हत्ती व सिंह यांची रांग असून त्यांपैकी काही झुंजताना दाखविले आहेत. मध्ययुगीन मंदिरांवर सिंहाच्या देहाला निरनिराळ्या पशुपक्ष्यांची मुखे जोडून व्याल घडविले गेले. समरांगणसूत्रधार या अकराव्या शतकातील ग्रंथात त्यांचे सोळा प्रकार दिले आहेत [⟶ व्याल]. ओडिशातील कोणार्क येथे (तेरावे शतक) नाटमंडपाच्या प्रवेशाशी सिंह हत्तीला आणि हत्ती माणसाला दाबून आहे. चंद्रपूरच्या गोंड राजांनी हत्तीवर मात करणारा सिंह हे आपले राजचिन्ह केले आणि नगरकोटाच्या वेशींवर ते कोरविले. चंद्रपूरच्या शिल्पाला स्थानिक लोक सिंहच म्हणतात. शरभाची आठवण तेथे कोणाला होत नाही.

दुसरी वाट दख्खनी सुलतानशाह्यांची. बीदरच्या किल्ल्यातील शर्झा दरवाजाला (१५०३) त्यावरील दोन कोरीव पशूंवरून नाव मिळाले आहे. ‘शर्झा’ या फार्सी शब्दाचा अर्थ क्रुद्ध, खवळलेला असा असून तो सिंहाचे विशेषण म्हणून येतो. विजापूरच्या आदिलशाहीत शर्झाखान हा किताब होता आणि मुलूख-मैदान तोफ ज्या बुरुजावर आहे, त्याचेही नाव शर्झा बुरूज असेच आहे. ही तोफ १५४९ मध्ये निजामशाहीत, अहमदनगर येथे मुहंमद रूमी याने ओतली. तिचे तोंड सिंहाच्या जबड्याच्या आकाराचे असून दाढांमध्ये चिरडला जाणारा हत्ती दाखविला आहे. शिवनेरी हा निजामशाही मुलखातला किल्ला. तेव्हा ज्या शतकांत किल्ल्यांवरील ही शिल्पे कोरली जात होती, त्या शतकांत सिंहाने हत्तीला मारण्याची प्रतिमा आणि तिच्यासाठी ‘शर्झा’ हे चालू नाव, ही दोन्ही या प्रदेशात वापरात होती. शरभ हा शब्द त्या वेळी पंडितांच्या ग्रंथांत होता. पाथरवटाच्या तोंडी कोणता असेल, हे सांगणे कठीण नाही. ‘शरभ’ व ‘शर्झा’ यांच्या उच्चारांतील जवळीक योगायोगाची असली, तरी पुढील घोटाळ्याला तिचा हातभार लागला असणे शक्य आहे.

शरभ या नावाचे समर्थक पंखांकडे बोट दाखवितात, आणि तो मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या शिल्पांत पंख निःसंशय आहेत, तेथे केवळ ‘सिंह’ म्हणणे अपुरेच ठरेल. परंतु सपक्ष सिंह भारतीय कलेत शैव शरभाच्या कितीतरी आधीपासून आहे. सांची येथील शिल्पांत तो आढळतो व त्याचे नाते इराणी परंपरेशी जोडले जाते. पंख हे शरभाचे लक्षण असले, तरी एकट्या शरभाचेच नव्हे. शिवाय पावसाने झिजलेल्या बेसाल्टावर आयाळीची बट आणि पंखाचे पीस यांतील फरक करणे नेहमीच शक्य नसते. आधी शरभ मानून पाहणाऱ्याला तेथे पीसच दिसते.

हत्तींच्या संख्येवरून अर्थ काढण्याची पद्धत याहूनही सदोष आहे. जंजिऱ्याच्या शिल्पातील प्रत्येक हत्ती म्हणजे सिद्दीने नमविलेली एकेक सत्ता, असे सांगितले जाते व त्या सत्तांची यादी सांगणाऱ्यागणिक बदलते. कोणार्कच्या शिल्पाचा अर्थ हिंदू धर्माची बौद्ध धर्मावर मात असा वाटाड्ये सांगतात; त्यालाही समकालीन आधार नाही. हत्ती हे राजसत्तेचे व सैन्यबलाचे सर्वमान्य चिन्ह होते. म्हणूनच ते कोणत्याही शत्रूला लागू पडते व कोणत्याही विशिष्ट शत्रूला बांधले जात नाही. दरवाजातून आत येणाऱ्याला ‘हत्ती आणलास तरी येथे चालणार नाही’ असे बजावणे, एवढा अर्थ शिल्पातून निघतो. किल्ल्याचे दरवाजे हत्तींच्या धडकेने फोडले जात व त्यांवर त्यासाठीच लोखंडी खिळे ठोकलेले असत, हे लक्षात घेतले, तर तो अर्थ पुरेसा नेमकाही आहे.

कर्नाटकाच्या राज्यचिन्हात मात्र नावाचा प्रवास आणखी पुढे गेला आहे. मध्यभागी म्हैसूरच्या राजघराण्याकडून आलेला गंडभेरुंड असून त्याच्या दोहो बाजूंस सिंहाच्या देहाचे व हत्तीच्या मस्तकाचे पशू आहेत. त्यांनाही शरभ म्हटले जाते. परंपरेने हा गजव्याल किंवा गजकेसरी. जे दोन प्राणी दुर्गशिल्पात एकमेकांचे वैरी, ते येथे एका शरीरात नांदतात आणि दोन्ही ठिकाणी नाव एकच. शिल्पदृष्ट्या हा संकर अधिक यशस्वी म्हणावा लागेल. कारण दोन जातींचा सांधा मानेशी येतो आणि तो झाकण्यासाठी आयाळ आयतीच मिळते.

कलामूल्य : दुर्गशिल्पे मंदिरशिल्पांच्या तोडीची नाहीत, हे मान्य केले पाहिजे. उठाव कमी, शरीररचना ढोबळ, मुख पुष्कळदा माणसाकडे झुकणारे. तथापि त्यांतील एक गोष्ट चोल शरभेश्वराला साधलेली नाही. पाथरवटाने हत्तीला मांजराच्या पिलाएवढा लहान केला आणि सिंहाला जवळजवळ काहीच जोडले नाही. प्रमाण बदलले, की सामर्थ्य आपोआप दिसते. त्यासाठी आठ पायांची गरज पडत नाही. पंजात धरलेल्या हत्तीची सोंड वर उचललेली दाखवून एका रेषेत त्याची तडफड व्यक्त करण्याची हातोटीही काही शिळांवर दिसते.

२०२५ मध्ये शिवनेरीसह महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा वेळी फलकांवर व माहितीपत्रांत जे नाव छापले जाते, तेच पुढच्या पिढीचे ज्ञान होऊन बसते. द्वारशिल्पाची नोंद करताना पायांची संख्या, पंखांची निश्चिती, बळी कोण व किती, शिळा मूळ जागी आहे की नंतर बसविलेली आहे, या गोष्टी आधी लिहून नाव शेवटी द्यावे, हे उचित होय. पंख नसलेल्या गजमर्दक पशूला ‘सिंह’ किंवा ‘शर्झा’, पंख असलेल्याला ‘सपक्ष सिंह’ आणि वेगळे मुख असलेल्याला ‘व्याल’ म्हणता येईल. शरभ हे नाव, पकडीत नरसिंह वा सिंह असेल तेथेच ठेवावे. या नियमाने मराठी मुलखातील शरभांची संख्या बरीच घटेल. शिल्पांची मात्र एकानेही घटणार नाही.